शरीरात मुक्काम ठोकलेला विषाणू दुसऱ्या विषाणूशी लढताना आड येतो की मदत करतो?

सूक्ष्मदर्शी

एका प्रयोगाचा आराखडा मांडायचा आहे आणि मूळ मुद्द्यावरच वाचन दोन दिशांना ओढतंय, म्हणून इथे विचारतो.

एलसीएमव्ही या उंदरांच्या विषाणूचा क्लोन १३ हा शरीरात टिकून राहणारा प्रकार दिलेल्या उंदरांवरचे निबंध वाचले की वाटतं, जुनाट विषाणूसंसर्ग असला की दुसऱ्या विषाणूंविरुद्धची तयारी ढिली पडते आणि मेमरी टी पेशी (भेटलेला जंतू लक्षात ठेवणाऱ्या) धड बनत नाहीत. दुसरीकडे, उंदरांचा गॅमाहर्पिस ६८ सुप्त अवस्थेत असेल तर तो उंदीर लिस्टेरिया आणि प्लेगच्या जंतूलासुद्धा जास्त चांगलं तोंड देतो, असं २००७ मध्ये दाखवलं गेलं. माणसांतही सीएमव्ही (हर्पिस गटातला सायटोमेगॅलोव्हायरस) असलेल्या तरुणांमध्ये फ्लूच्या लशीला जास्त जोरदार प्रतिसाद मिळाल्याची नोंद आहे.

हे सगळं एकाच चौकटीत बसतं का? क्लोन १३ च्या उंदराला नंतर इन्फ्लुएंझा दिला आणि टी पेशींचा प्रतिसाद कमी दिसला, तर 'प्रतिकारशक्ती खालावली' म्हणायला तेवढं पुरेसं आहे का? आणि कंट्रोल म्हणून नुसता सलाइन टोचलेला गट चालेल का?

पेशीगणित

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो: नाही चालणार. कारण पुढे येईलच.

'जुनाट' या एका शब्दाखाली फार वेगळ्या अवस्था कोंबल्या जातात आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. क्लोन १३, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी यांत विषाणू रोज वाढत असतो, अँटिजेनचा, म्हणजे शरीर ओळखतं त्या विषाणूच्या तुकड्यांचा, पूर असतो आणि शरीर सतत लढत असतं. हर्पिस गटात विषाणू बहुतेक वेळ झोपलेला असतो, मधूनच कूस बदलतो आणि तेवढ्यापुरता पहारा जागा होतो. जन्मतःच एलसीएमव्ही लागलेल्या उंदराचं आणखी वेगळं. त्याच्या अंगभर विषाणू असतो, पण शरीर त्याला परका समजतच नाही, त्यामुळे लढाईच होत नाही. दुसऱ्या विषाणूवर काय परिणाम होईल ते विषाणू 'आहे की नाही' यावर कमी, आणि त्याच्याशी चाललेली लढाई किती पेटलेली आहे यावर जास्त अवलंबून असतं.

याचा सगळ्यात स्वच्छ पुरावा जुना आहे. १९९१ मध्ये झुरिचच्या गटाने दाखवलं की एलसीएमव्हीच्या काही स्ट्रेन प्रौढ उंदराला दिल्यावर प्लीहेतली रचना उद्ध्वस्त होते, अँटिजेन सादर करणाऱ्या पेशी मरतात आणि मग दुसऱ्या विषाणूविरुद्ध अँटीबॉडी बनत नाहीत. पण ही मोडतोड विषाणू करत नव्हता. लागण झालेल्या पेशींना मारणाऱ्या उंदराच्या स्वतःच्याच सीडी८ टी पेशी ती करत होत्या. सीडी८ पेशी आधीच काढून टाकल्या, तर विषाणू तेवढाच असूनही रचना शाबूत राहिली. म्हणून जन्मजात वाहक उंदराची 'प्रतिकारशक्ती खालावलेली' दिसेल अशी अपेक्षा धरून बसू नका.

आता क्लोन १३. हा एलसीएमव्हीच्या आर्मस्ट्राँग स्ट्रेनचाच धाकटा भाऊ, वाहक उंदराच्या प्लीहेतून वेगळा केलेला. दोघांत महत्त्वाचे फरक दोनच अमिनो आम्लांचे. एक ग्लायकोप्रोटीनमध्ये २६० व्या जागी, फिनिलअॅलॅनिनऐवजी ल्यूसिन. त्यामुळे अल्फा-डिस्ट्रोग्लायकन या रिसेप्टरवरची पकड घट्ट होते आणि डेंड्रिटिक पेशींना (टी पेशींना अँटिजेन दाखवणाऱ्या) सहज लागण होते. दुसरा पॉलिमरेजमध्ये १०७९ व्या जागी, लायसिनऐवजी ग्लुटामिन, ज्यामुळे विषाणू जोमाने वाढतो. टी पेशी ओळखतात ते मुख्य तुकडे दोन्हींत सारखे. या जोडीची खरी ताकद हीच आहे: आर्मस्ट्राँग (२ लाख पीएफयू म्हणजे लागण करू शकणारे कण, पोटात) आठ-दहा दिवसांत साफ होतो आणि क्लोन १३ (२० लाख पीएफयू, शेपटीच्या शिरेतून) रक्तात दोन-तीन महिने राहतो, मूत्रपिंडात त्याहून जास्त. सलाइनचा गट फक्त 'संसर्ग विरुद्ध संसर्ग नाही' एवढंच सांगतो. 'जुनाट असल्यामुळे' झालं की 'एलसीएमव्ही कधीतरी येऊन गेल्यामुळे' झालं, ते आर्मस्ट्राँगच्या गटाशिवाय कळणार नाही. सलाइन ठेवाच, पण तुलना आर्मस्ट्राँगशी करा.

दुसऱ्या विषाणूविरुद्धच्या प्रतिसादात बिघाड नेमका कुठे होतो, ते शोधायच्या जागा अशा.

सुरुवातीलाच: प्लाझ्मासायटॉइड डेंड्रिटिक पेशी. क्लोन १३ टिकून असताना या पेशी टाइप १ इंटरफेरॉन (विषाणूची वाढ रोखायला लावणारं प्रथिन) नीट बनवत नाहीत आणि त्यामुळे नंतर दिलेल्या उंदरांच्या सीएमव्हीला रान मोकळं मिळतं, हे २००८ मध्ये दाखवलं गेलं. म्हणजे टी पेशींपर्यंत जायच्या आधीच पहिला बांध फुटलेला असू शकतो.

मेमरी बनण्याच्या टप्प्यावर: इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहे. क्लोन १३ मुळे थकलेल्या टी पेशी म्हणजे पीडी-१, टॉक्स वगैरे थकव्याच्या खुणा वाढलेल्या, हळूहळू आयएल-२, मग टीएनएफ आणि शेवटी इंटरफेरॉन गॅमा ही संदेशवाहक प्रथिनं बनवायचं सोडणाऱ्या पेशी. पण थकतात त्या एलसीएमव्हीविरुद्धच्याच, कारण त्यांच्या रिसेप्टरला रोज अँटिजेन भेटतो. इन्फ्लुएंझाविरुद्धच्या पेशीला तो अँटिजेन भेटतच नाही, मग ती त्या अर्थाने थकेल कशी? तिचं दुखणं निराळं आहे. २०१४ मध्ये दाखवलं गेलं की जुनाट संसर्ग असलेल्या शरीरात बाजूला उभ्या असलेल्या, दुसऱ्याच जंतूविरुद्धच्या सीडी८ पेशींचं मेमरीत रूपांतर अर्धवट राहतं आणि पुन्हा गाठ पडली तर त्यांची वाढ कमी होते. कारण अँटिजेन नव्हतं, सततची दाहस्थिती होती. तेव्हा फ्लूच्या टेट्रामर पॉझिटिव्ह (म्हणजे फ्लू ओळखणाऱ्या) पेशींवर पीडी-१ शोधून 'थकवा नाही, म्हणजे सगळं ठीक' असं लिहू नका. सीडी१२७ आणि केएलआरजी१ या पेशींवरच्या खुणा, आयएल-२ बनवण्याची क्षमता आणि दुसऱ्या वेळची वाढ पाहा.

आणि अगदी शेवटी, अँटीबॉडी बनूनही ती कामाला न येणं. २०१५ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे दाखवलं की क्लोन १३ च्या उंदरात विषाणू आणि अँटीबॉडी यांचे गठ्ठे इतके साचतात की अँटीबॉडीला पकडणारे एफसी गॅमा रिसेप्टर त्यांतच अडकून पडतात. मग बाहेरून दिलेली, पेशी मारणारी अँटीबॉडीसुद्धा काम करत नाही. याचा थेट व्यावहारिक परिणाम: वर सांगितलेला सीडी८ काढण्याचा कंट्रोल संसर्गाच्या आधी लावा. जुनाट संसर्ग मुरल्यावर अँटीबॉडी टोचून पेशी काढायला गेलात तर त्या निघणारच नाहीत आणि तुम्ही 'सीडी८ चा संबंध नाही' असा चुकीचा निष्कर्ष काढाल.

सूक्ष्मदर्शी

खूपच उपयोगी. शेवटचा मुद्दा तर आराखड्यात पूर्ण निसटला होता.

क्लोन १३ नंतर आठव्या दिवशी पीआर८ हा इन्फ्लुएंझाचा स्ट्रेन नाकातून द्यायचा आणि रोज वजन घ्यायचं असं ठरवलं होतं. वजन जास्त घटलं तर फ्लू जास्त झाला, इतकं सोपं धरता येईल ना?

टायटरवाला

आठवा दिवस नको. क्लोन १३ एकट्यानेच सहाव्या ते नवव्या दिवसाच्या आसपास उंदराचं वजन ठळक उतरवतो आणि तेही सीडी८ पेशींमुळेच. त्यावर फ्लूची घट चढवलीत तर कुठली कुणाची ते सांगता येणार नाही. वर त्या दिवसांत वजनाची मर्यादा ओलांडून उंदीर यातना टाळण्याच्या निकषांनुसार आधीच संपवावे लागतील आणि गट रिकामे होतील. तिसाव्या दिवसानंतर द्या. तोवर वजन स्थिरावतं आणि रक्तात विषाणू अजून असतो. पण 'असतो' असं गृहीत धरू नका. फ्लू देण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक उंदराचं थोडं रक्त घेऊन व्हेरो पेशींवर प्लाक (विषाणूने पेशी मारून थरात पाडलेली भोकं) मोजा. ज्यांच्यात विषाणू नाही त्यांना क्लोन १३ च्या गटात मोजता येणार नाही. शिरेतलं इंजेक्शन अर्धवट चुकणं ही नेहमीची भानगड आहे आणि असा उंदीर दिसायला क्लोन १३ चा, वागायला आर्मस्ट्राँगचा.

प्लाक मोजताना: पातळ केलेलं सीरम व्हेरो पेशींच्या थरावर तासभर ठेवा, दर पंधरा मिनिटांनी प्लेट हलवा, मग अॅगरोजचा थर. चौथ्या दिवशी न्यूट्रल रेडचा दुसरा थर, पाचव्या दिवशी मोजणी. घाई करून तिसऱ्या दिवशी रंग दिला तर प्लाक दिसत नाहीत. पहिल्या काही आठवड्यांत सीरममध्ये दर मिलिलिटरला दहा हजार ते लाखभर पीएफयू असतात, तेव्हा पातळीकरणाची साखळी लांब ठेवा.

विषाणूचा साठा बनवतानाच बरेच प्रयोग बिघडतात. बीएचके-२१ पेशींना विषाणू कमी प्रमाणात द्या, शंभर पेशींमागे एक कण, आणि साधारण ४८ तासांनी द्रव काढा. जास्त दिला किंवा एकाच साठ्यावरून पुन्हा पुन्हा वाढवत गेलात तर अर्धवट जीनोमचे, स्वतः न वाढणारे कण साचतात आणि तेच पूर्ण विषाणूच्या वाढीला खीळ घालतात. मग वीस लाख टोचूनही संसर्ग लवकर मिटतो. उणे ८० अंशांवर एकदाच वापरायच्या लहान कुप्या ठेवा. वितळवून पुन्हा गोठवलेल्या कुपीचा जुना आकडा धरायचा नाही.

नाकातून देतानाही एक बारकावा आहे. भूल देऊन ३० ते ५० मायक्रोलिटर दिलं तर विषाणू फुप्फुसात उतरतो. जाग्या उंदराला १० मायक्रोलिटर दिलं तर तो बहुतांशी नाकातच राहतो आणि तो वेगळाच आजार. दोन गटांत भुलीची खोली वेगळी असली तरी निकाल वेगळे येतात. क्लोन १३ चे उंदीर अशक्त असतात म्हणून भूल हलकी दिली जाते, तिथे हा घोळ हमखास होतो.

आता तुमचा मूळ दुसरा प्रश्न, जो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. फ्लूविरुद्धच्या टी पेशी कमी दिसल्या म्हणजे प्रतिकारशक्ती खालावली का? नाही, तेवढ्यावरून नाही. क्लोन १३ च्या उंदरात इंटरफेरॉनमुळे चालू झालेली जनुकं बराच काळ चढलेली राहतात. अशा अंगात दुसरा विषाणू आला आणि पहिल्या दोन दिवसांत वाढूच शकला नाही, तर अँटिजेन कमी, म्हणून टी पेशीही कमी. हा उंदीर वाचलेला आहे, दुबळा झालेला नाही! व्हीएसव्हीसारखा इंटरफेरॉनला अतिशय हळवा विषाणू दुसरा म्हणून घेतलात तर हा भास फारच ठळक होतो. म्हणून पहिल्या आणि तिसऱ्या दिवशी काही उंदीर ठेवून फुप्फुसातला फ्लूचा विषाणू मोजा, एमडीसीके पेशींवर, ट्रिप्सिन घालून. विषाणू जास्त आणि टी पेशी कमी, तर बिघाड खरा. दोन्ही कमी असतील तर निष्कर्ष राखून ठेवा आणि एक समांतर गट न वाढणाऱ्या अँटिजेनचा करा, म्हणजे प्रथिन आणि अॅडज्युव्हंट (प्रतिसाद वाढवणारा पदार्थ). तिथे अँटिजेनची मात्रा तुमच्या हातात असते.

निळी शाई

दुसरा विषाणू निवडताना पिचिंडे विषाणू टाळा. एलसीएमव्ही आणि पिचिंडे यांच्या न्यूक्लिओप्रोटीनमध्ये २०५ व्या जागेपासूनचा तुकडा इतका मिळताजुळता आहे की एकासाठी बनलेल्या टी पेशी दुसऱ्यालाही ओळखतात. व्हॅक्सिनियाबाबतही एलसीएमव्हीने आधीच तयार झालेल्या पेशी आड येतात. त्या प्रयोगांना त्यांचं महत्त्व आहेच, पण तुम्हाला बाजूच्या, असंबंधित प्रतिसादाबद्दल बोलायचं असेल तर तिथे ओळखीचा माणूस नको.

आणि अँटीबॉडी मोजताना सांभाळा. क्लोन १३ मध्ये बी पेशी सरसकट चेतवल्या जातात, एकूण आयजीजी खूप चढतं आणि एलायझाची (रंगावरून अँटीबॉडी मोजण्याच्या चाचणीची) पाटी सगळीकडे पिवळी दिसते. एकाच पातळीकरणावर वाचन घेऊ नका, पूर्ण मालिका करा आणि फ्लूचं अँटिजेन न लावलेले खळगेही ठेवा. त्यापेक्षा हिमॅग्लुटिनेशन रोखण्याची चाचणी किंवा विषाणू निष्प्रभ करण्याची चाचणी जास्त भरवशाची. निष्प्रभ करण्याची चाचणी एल९२९ पेशींवर मात्र करू नका. त्या उंदराच्याच पेशी, आणि सीरममध्ये इंटरफेरॉन असेल तर पेशी त्यानेच वाचतात आणि आपण ते श्रेय अँटीबॉडीला देतो. व्हेरो माकडाच्या, एमडीसीके कुत्र्याच्या. उंदराचं इंटरफेरॉन तिथे जवळजवळ चालत नाही.

पेशीगणित

निळी शाई यांचा एल९२९ चा मुद्दा सोन्यासारखा आहे.

गॅमाहर्पिसबद्दल लिहायचं राहिलं होतं. सूक्ष्मदर्शी, तुम्ही दिलेलं उदाहरण जिवाणूंचं आहे, विषाणूंचं नाही, आणि हा फरक मोठा आहे. तिथे सुप्त संसर्गामुळे इंटरफेरॉन गॅमा थोडंथोडं स्रवत राहतं, मॅक्रोफेज चेतलेले राहतात आणि पेशीच्या आत शिरणारा जिवाणू त्यांच्या तावडीत सापडतो. शिवाय हे संरक्षण कायमचं नाही. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने दाखवलं की काही महिन्यांत ते ओसरतं. म्हणून 'हर्पिस असणं चांगलं' असा अर्थ काढू नये. संसर्गानंतर कितव्या दिवशी मोजलं ते विचारल्याशिवाय असा कुठलाच निष्कर्ष पुढे नेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

त्याच जातीच्या विषाणूंचा उलटा परिणामही नोंदलेला आहे. २०१६ मध्ये उंदरांना ओळीने गॅमाहर्पिस ६८, उंदरांचा सीएमव्ही, इन्फ्लुएंझा आणि आतड्यातला एक कृमी असे चार संसर्ग दिले आणि मग यलो फीवरची १७डी लस दिली. स्वच्छ उंदरांच्या तुलनेत अँटीबॉडी कमी बनल्या. यातला किती वाटा कोणाचा ते त्या रचनेतून वेगळं काढता येत नाही, पण प्रयोगशाळेतल्या अतिस्वच्छ उंदराकडून माणसाबद्दल बोलताना हात आखडता का घ्यावा ते कळतं.

सीएमव्हीचं माणसांतलं चित्र असं: सीएमव्ही असलेल्या प्रौढाच्या रक्तातल्या मेमरी टी पेशींपैकी सरासरी दहाव्या हिश्श्याच्या आसपास पेशी एकट्या सीएमव्हीसाठी राखीव असतात. २०१५ मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या अभ्यासात, एकाला सीएमव्ही आणि दुसऱ्याला नाही अशा जोड्यांमध्ये, मोजलेल्या निम्म्याहून जास्त रोगप्रतिकारक घटकांवर त्याचा ठसा दिसला. त्याच वर्षी तरुणांत फ्लूच्या लशीला चांगला प्रतिसाद दिसल्याचंही प्रसिद्ध झालं. वृद्धांत मात्र निष्कर्ष एका बाजूला झुकत नाहीत. लशीच्या अभ्यासात सीएमव्ही आयजीजी न तपासता वयाचा परिणाम सांगणं म्हणूनच धोक्याचं: वयाबरोबर सीएमव्ही असलेल्यांचं प्रमाण वाढत जातं आणि दोन्हींचे परिणाम एकमेकांत मिसळतात.

पशुवैद्यक

वाहक उंदराचा मुद्दा आला म्हणून. गुरांमध्ये हेच निसर्गतः घडतं आणि तिथे ते ओळखायच्या पद्धतीही पक्क्या आहेत.

बोवाइन व्हायरल डायरियाचा पेशी न फोडणारा प्रकार गाईला गाभणपणाच्या साधारण ४० ते १२५ दिवसांत लागला, तर वासरू त्या विषाणूला आपलाच समजून जन्माला येतं. जन्मभर विषाणू सोडत राहतं आणि त्या स्ट्रेनविरुद्ध अँटीबॉडी बनवत नाही. पण बाकीच्या जंतूंना प्रतिसाद देतं, अगदी त्याच विषाणूच्या पुरेशा वेगळ्या स्ट्रेनलाही. म्हणजे आंधळेपण एकाच चेहऱ्यापुरतं. आणि खरं नुकसान होतं ते त्या वासराच्या शेजारच्या, धडधाकट जनावरांचं. त्यांना तात्पुरता संसर्ग होतो, पांढऱ्या पेशी उतरतात आणि त्याच काळात बोवाइन हर्पिस १ किंवा मॅनहायमियासारखा जिवाणू आला तर साधं पडसं न्यूमोनियावर जातं.

तपासताना कानाचा छोटा तुकडा घेऊन अँटिजेन एलायझा करतात. रक्तावर अँटिजेन तपासायचं तर तीन महिन्यांखालच्या वासरात आईच्या चिकातून आलेल्या अँटीबॉडी अँटिजेन झाकतात आणि चाचणी खोटी निगेटिव्ह येते. पॉझिटिव्ह आलं की लगेच निकाल लावू नये. तीन-चार आठवड्यांनी पुन्हा तपासावं: तात्पुरता संसर्ग असेल तर तोवर निघून जातो, जन्मजात असेल तर तसाच राहतो.

तुमच्या उंदरांनाही हेच लागू आहे. दोनदा तपासल्याशिवाय 'टिकून आहे' म्हणू नये.

निळी शाई

यावरून आठवलं, उंदीरगृहातले न बोलावलेले पाहुणेही तपासून घ्या. उंदरांचा नोरोव्हायरस २००३ मध्ये सापडला आणि मग कळलं की तो कित्येक वसाहतींत आधीपासून मुरलेला आहे. सीआर६ सारखे त्याचे काही प्रकार आतड्यात महिनोन्‌महिने राहतात. लेंडीवर पीसीआर करा. दिलासा इतकाच की २००९ च्या एका अभ्यासात व्हॅक्सिनिया आणि इन्फ्लुएंझाविरुद्धच्या टी आणि बी पेशींच्या प्रतिसादावर त्याचा लक्षणीय परिणाम दिसला नव्हता. आतड्यातल्या विषाणूंचं मात्र वेगळं. २०१९ मध्ये दाखवलं गेलं की प्रतिकारशक्ती नसलेल्या उंदरांत अॅस्ट्रोव्हायरस मुक्कामाला असेल तर आतड्याच्या अस्तरात इंटरफेरॉन लॅम्डा चढतं आणि नोरोव्हायरस आणि रोटाव्हायरस दोघांनाही आळा बसतो. म्हणजे ज्या उंदराला आपण पूर्ण उघडा समजतो तो पांघरूण घेऊन बसलेला असू शकतो.

ट्यूमरच्या पेशी टोचत असाल तर एलडीव्ही हा उंदरांचा विषाणू तपासा. तो पेशींच्या साठ्यातूनच येतो, उंदीर आजारी दिसत नाही, पण रक्तातलं लॅक्टेट डिहायड्रोजिनेज पाच ते दहा पट चढतं आणि सगळे रोगप्रतिकारक आकडे वाकडे होतात.

सुरक्षेचंही लिहितो, कारण ते नेहमी शेवटी ढकललं जातं. एलसीएमव्ही माणसाला लागतो. गर्भवती स्त्रीला लागला तर बाळाच्या मेंदूत पाणी साचणं आणि डोळ्याच्या पडद्याला इजा होणं इथवर जातं. क्लोन १३ चे उंदीर मूत्रातूनही विषाणू टाकतात. पिंजरे वेगळे, त्यांच्याकडे शेवटी जायचं आणि सुई परत झाकणात घालायची नाही.

वॉर्डफेरी

माणसांवर उपचार करणाऱ्यांच्या बाजूने थोडं.

तुमच्या चौकटीचं सगळ्यात थेट उदाहरण हिपॅटायटिस सी आणि बी एकत्र असलेल्या रुग्णांत दिसतं. बहुतेकदा सी वरचढ असतो आणि बी दबून राहतो. सी वर थेट मारा करणाऱ्या गोळ्या आल्या, काही आठवड्यांत सी नाहीसा व्हायला लागला, आणि काही रुग्णांत बी उसळला. अमेरिकेच्या एफडीएने ऑक्टोबर २०१६ मध्ये या औषधांवर ठळक चौकटीतला इशारा घातला, तेव्हा त्यांच्याकडे २४ रुग्णांची नोंद होती. त्यांतले दोघे दगावले, एकाचं यकृत बदलावं लागलं. उसळी बहुधा उपचाराच्या चौथ्या ते आठव्या आठवड्यात येते. कारण म्हणून सर्वाधिक मानलं जातं ते हे की सी मुळे यकृतात चढलेली इंटरफेरॉनची अवस्थाच बी ला दाबून धरत होती. ती उतरली आणि झाकण उडालं.

म्हणून गोळ्या सुरू करण्याआधी एचबीएसएजी (बी ची चालू लागण दाखवणारं अँटिजेन), अँटी-एचबीसी (बी कधीतरी लागल्याची खूण) आणि अँटी-एचबीएस (बी विरुद्धची संरक्षक अँटीबॉडी) तिन्ही तपासायचे. नुसतं एचबीएसएजी निगेटिव्ह पाहून पुढे जायचं नाही. एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर बी चा डीएनए मोजायचा, आणि युरोपीय मार्गदर्शनानुसार एंटेकॅव्हिर किंवा टेनोफोव्हिर सोबत सुरू करून सी चा उपचार संपल्यावर बारा आठवड्यांपर्यंत चालू ठेवायचं. फक्त अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असेल तर एएलटी या यकृताच्या एन्झाइमवर लक्ष, आणि ते चढलं तर डीएनए.

एचआयव्हीमध्ये बिघाड सरळ आहे, सीडी४ मदतनीस पेशीच कमी होतात. हिपॅटायटिस बी ची नेहमीची लस अनेकांना लागू पडत नाही. प्रौढांत २० ऐवजी ४० मायक्रोग्रॅमची मात्रा ०, १, २ आणि ६ महिन्यांना द्यायची पद्धत त्यासाठीच आहे. शेवटच्या मात्रेनंतर एक-दोन महिन्यांत अँटी-एचबीएस मोजायचं, १० पेक्षा कमी आलं तर पुन्हा फेरी. उशिरा, वर्षभराने मोजलं तर पातळी आपोआप उतरलेली असते आणि 'लस लागलीच नाही' असा चुकीचा शिक्का बसतो. एमएमआर आणि कांजिण्यांची लस सीडी४ २०० च्या खाली असताना द्यायची नाही, कारण त्यांतले विषाणू जिवंत असतात. ज्या मुलांना एचआयव्हीचा उपचार सुरू होण्याआधी गोवराची लस मिळाली, त्यांना उपचाराने पेशी सावरल्यावर ती पुन्हा द्यावी लागते. आधी बनलेल्या मेमरीवर भरवसा ठेवता येत नाही.

सूक्ष्मदर्शी

वॉर्डफेरी, एक शेवटचं. जुनाट विषाणू औषधाने पूर्ण गेला तर प्रतिकारशक्ती पूर्ववत होते का? आराखड्यात 'बरा झालेला' असा गट घालावा का, यासाठी विचारतोय.

वॉर्डफेरी

त्या विषाणूविरुद्धच्या पेशी पूर्ववत होत नाहीत. २०२१ मध्ये हिपॅटायटिस सी बऱ्या झालेल्या रुग्णांच्या टी पेशींत दाखवलं गेलं की विषाणू गेल्यावर काही खुणा मेमरी पेशींसारख्या दिसायला लागतात, पण डीएनएच्या गुंडाळणीवर थकव्याचा व्रण तसाच राहतो. बाजूच्या, दुसऱ्या विषाणूंविरुद्धच्या पेशींचं गणित वेगळं असायला हवं, कारण त्यांच्यावरचा ताण अँटिजेनचा नसून दाहाचा होता. तो ताण उतरल्यावर त्या सावरतात की त्यांनाही व्रण पडतो, हे तपासायला तुमचा गट उपयोगी पडेल.

पेशीगणित

घालाच. पण क्लोन १३ ला सी सारखं औषध देण्याची गरज नाही, थांबलात तरी पुरे. सी५७ब्लॅक६ उंदरात रक्तातला विषाणू दोन-तीन महिन्यांत आपोआप जातो. अर्ध्या उंदरांना संसर्गाच्या आदल्या दिवशी आणि त्याच दिवशी जीके१.५ अँटीबॉडी देऊन (दर वेळी साधारण २०० मायक्रोग्रॅम) सीडी४ पेशी काढा, म्हणजे त्यांच्यात विषाणू जन्मभर राहील. सीडी४ निघाल्या की नाही ते पाहताना आरएम४-४ ही वेगळी अँटीबॉडी वापरा. जीके१.५ नेच रंगवलंत तर आधी टोचलेली अँटीबॉडी जागा अडवून बसलेली असते आणि न निघालेल्या पेशीही निघाल्यासारख्या दिसतात.

मग चार महिन्यांनी तुमच्याकडे एकाच वयाचे दोन गट असतील, एकात विषाणू गेलेला आणि एकात टिकलेला. यात एक खोट आहे: दुसऱ्या गटात सुरुवातीला सीडी४ नव्हत्या. ती भरून काढायला आर्मस्ट्राँगच्या उंदरांतही तशाच सीडी४ काढलेला एक गट ठेवा. आणि फ्लू देण्याआधी दोन्हींत सीडी४ चा आकडा परत वर आला आहे ना, ते रक्तावर मोजून घ्या. तो आला नसेल तर दोन आठवडे थांबा आणि पुन्हा मोजा.